ताट मोडायचं, ते कशासाठी?

आमची डोंबिवलीची इमारत यंदा रिडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायची म्हणून ३७ वर्षांचं घर आवरायला घेतलं आणि माळ्यावरून सासूबाईंची भांडी खाली आली. पितळेची पातेली, दोन मोठ्या पराती, तांब्याचं घंगाळ, बंब, ओगराळी, झारे, नावं घातलेल्या वाट्या आणि फुलपात्री. मोजले तेव्हा ११२ नग भरले. त्या रात्री जेवायला जमलेल्या घरच्या माणसांत या भांड्यांवरून वाद पेटला. तो मला नवा नव्हता. गेली काही वर्षं लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, शेजारणीच्या ओट्यावर मी तोच ऐकते आहे, आणि दर वेळी तो चुकीच्या अंगाने लढला जातो असं मला वाटतं.

पुतण्याचं म्हणणं, सहा महिन्यांत जी वस्तू हाताळली नाही ती घरात ठेवायचीच नाही. फोटो काढ, काकू, आणि देऊन टाक. त्याच्या पुण्याच्या खोलीत मोजून साठ वस्तू आहेत आणि त्याला तिथे खरंच शांत झोप लागते. धाकटे दीर म्हणाले, ही घराची लक्ष्मी आहे, पोटाला चिमटा काढून जमवलेली, ती भंगारात घालवायची तुमची हिंमत तरी कशी होते? आणि नणंदेची मुलगी, जी वस्तीतल्या मुलांना शिकवते, ती चिडून म्हणाली की हे सगळे पोट भरलेल्यांचे खेळ आहेत. ज्यांच्या घरात चार भांडी नाहीत त्यांना जाऊन सांगा, कमी वस्तूंत सुख असतं म्हणून. तिघंही मनापासून बोलत होते. पण तिघंही भांडीच मोजत होते. एकाला ती जास्त वाटत होती, दुसऱ्याला एकही कमी व्हायला नको होतं, तिसरीला मोजण्याचाच राग आला होता. ही भांडी इथून कुठे जातील, कोण त्यांत शिजवेल, आणि ती गेल्यावर आमच्या घरात जे मोकळं होईल त्याचं आम्ही काय करू, हे कुणीच विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. कमी वस्तूंत राहून माणूस समाधानी होऊ शकतो, त्याच्या जगण्याला दिशा मिळू शकते, हे मी मानते. पण ते समाधान रिकाम्या कपाटातून येत नाही. कपाटातून निघालेली वस्तू कुणाच्या हाती लागली, आणि ती मिळवण्या-सांभाळण्यात जाणारा पैसा, वेळ, जीव पुढे कशाला लावला, यावर ते ठरतं. आणि ज्याला वस्तू बाळगायची मुभाच नव्हती, त्याला हा उपदेश करायचा अधिकार कुणालाही नाही.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण विरोधातला सगळ्यात जड मुद्दा तोच आहे. आपल्याकडे शतकानुशतकं ‘कमी वस्तू’ हा मोठ्या समाजासाठी हुकूम होता. मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो की चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावं, मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत. त्याच अध्यायात पुढे म्हटलंय, की शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये, कारण धन आलेला शूद्र ब्राह्मणांना त्रास देतो. हे पोथीत राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची हकिगत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायकांना मारहाण केली. मातीच्या मडक्याला कुणाची हरकत नव्हती. त्याआधी, १९२७ च्या डिसेंबरात महाडला, बाबासाहेबांनी बायकांना लुगडी नेसण्याची जुनी तऱ्हा आणि कथलाचे दागिने टाकायला सांगितलं होतं, कारण त्यावरून जात ओळखू यायची. तेही सोडणंच होतं. पण त्या सोडण्याने माणूस मोठा होत होता. अशा घरात पहिला फ्रीज येतो तेव्हा त्याला हार घालतात, कुंकू लावतात, शेजाऱ्यांना पेढे देतात. तो हार पाहून ज्याला उपभोगवाद आठवतो, त्याने आधी झानू आठवावं.

दुसरा मुद्दाही सोपा नाही. कमी वस्तूंनी जगणाऱ्याच्या वस्तू पुष्कळदा दुसऱ्याने बाळगलेल्या असतात. गांधीजींना गरिबीत ठेवायला फार खर्च येतो, असं सरोजिनी नायडूंच्या तोंडचं म्हणून एक वाक्य सांगितलं जातं. त्यात प्रेम होतं तसं निरीक्षणही होतं. आज ते निरीक्षण शहरातल्या कितीतरी मोकळ्या-ढाकळ्या घरांना लागू पडतं. माझ्या पुतण्याकडे गाडी नाही, कुकर नाही, इस्त्री नाही. पण त्याचं जेवण दारात आणणारा मुलगा स्वतःची मोटरसायकल हप्त्यावर घेऊन फिरतो, त्याची इस्त्री कोपऱ्यावरचा माणूस करतो, टॅक्सीवाल्याच्या डोक्यावर गाडीचं कर्ज आहे. मग वस्तू कमी झाल्या, की फक्त त्यांचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर सरकलं?

तिसरा मुद्दा बाईचा आहे आणि तो मला माझ्या हातांनी कळलेला आहे. घरात माणशी एकच ताट ठेवायचं असं ठरलं, तर ते ताट जेवण होताच कुणी घासायचं? पाट्या-वरवंट्याच्या साधेपणाचं कौतुक करणारे मला भेटले आहेत. त्यांतल्या एकानेही रोज सकाळी सहा माणसांची चटणी वाटलेली नव्हती. मिक्सर, वॉशिंग मशीन, गॅस यांनी बायकांच्या आयुष्यातले तासच्या तास परत दिले. ते अडगळीत मोजणं हा अन्याय आहे. दागिन्यांचंही तसंच. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क १९९४ साली मिळाला, आणि देशभर २००५ साली. त्याआधीच्या, आणि कागदावरचा हक्क हातात न आलेल्या त्यानंतरच्याही, किती बायकांजवळ स्वतःचं म्हणावं असं पाटल्या-बांगड्यांखेरीज काय होतं? तिला ‘मोह सोड’ म्हणणं म्हणजे तिच्या हातातली शेवटची किल्ली काढून घेणं.

लोकांनी खरेदी थांबवली तर कारखाने बंद पडतील, हाही आक्षेप घेतला जातो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार थांबले आणि मजुरांचे तांडे रस्त्याने चालत निघाले, ते आपण पाहिलं. तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. पण खर्च थांबवणं वेगळं आणि वळवणं वेगळं. नवी वस्तू घेण्याऐवजी जुनी दुरुस्त करून घेतली, तर पैसा शिंप्याला, चांभाराला, कल्हईवाल्याला, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला मिळतो. दुरुस्तीत यंत्रापेक्षा माणसाचा हात जास्त लागतो. आमच्या गल्लीतला कल्हईवाला स्टीलने घालवला. रफूवाला तयार कपड्यांनी. त्यांची रोजीरोटी गेली तेव्हा अर्थव्यवस्थेची काळजी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

एवढं सगळं मान्य केल्यावर कमी वस्तूंच्या बाजूने बोलायला काही उरतं का? माझ्या मते खरी बाजू इथूनच सुरू होते, आणि ती समजून घ्यायला जपानच्या किंवा अमेरिकेच्या कुणा सल्लागाराकडे जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या आणि १९०५ मध्ये घर सोडलेल्या एका माणसाकडे जावं. गाडगेबाबांजवळ काय होतं? डोक्याला खापर, अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, हातात खराटा. मोजणाऱ्याला त्यांच्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. पण त्यांनी हे कमीपण कीर्तनातून लोकांवर लादलं का? त्यांचं जे सांगणं घरोघर माहीत आहे ते असं, की पैशाची तंगी असेल तर जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, व्याह्याचा पाहुणचार करू नका, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. या सांगण्यातलं ‘पण’ फार महत्त्वाचं आहे. आजच्या साधेपणाच्या व्याख्यानांतून नेमका तो शब्द गळालेला असतो. ताट मोडायचं, कारण त्याच्या पैशात पाटी-पेन्सिल येते. सण-समारंभासाठी कर्ज काढायचं नाही, कारण सावकार पोराचं आयुष्य गहाण टाकून घेतो. वस्तू कमी करण्याला पुढे जायची एक ठरलेली वाट होती.

आणि बाबांच्या स्वतःच्या फकिरीतून काय उभं राहिलं? पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथल्या धर्मशाळा. एकीतही त्यांनी स्वतःसाठी खोली ठेवली नाही. घरच्यांचा हक्क लागू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. हे पाहिलं की नणंदेच्या मुलीच्या रागाला उत्तर मिळतं. एकाने ‘ताट मोडा’ म्हटलं, दुसऱ्याने धातूच्या भांड्याचा हक्क मागितला. तरी दोघांमध्ये विरोध नव्हता, कारण दोघांची नजर शाळेकडे होती. बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकं राहावीत म्हणून. हजारो पुस्तकांचा तो मालक आणि खापर डोक्यावर घेतलेला तो कीर्तनकार, दोघंही १९५६ च्या डिसेंबरात चौदा दिवसांच्या अंतराने गेले. त्यांच्यातला कोण जास्त ‘साधा’ होता, हा प्रश्न विचारून पाहा. प्रश्नच कसा पोकळ आहे ते लगेच कळेल.

जैन परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची, म्हणजे वस्तू बाळगण्याच्या दोषाची, व्याख्या दोन शब्दांत दिली आहे: मूर्च्छा परिग्रहः। संग्रहाचं माप तिथे नगांत दिलेलं नाही. वस्तूने माणसाला येणारी भूल, ती मूर्च्छा, हा परिग्रह. मराठीत आपण मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणं म्हणतो, आणि तोच अर्थ इथे चपखल बसतो. नव्या फोनची तारीख जाहीर झाल्यावर हातातला चांगला चालणारा फोन ज्याला जुना वाटू लागतो, त्याची शुद्ध थोडी हरपलेली असते. पण साठच वस्तू ठेवायच्या म्हणून एकसष्टावी आल्यावर ज्याला झोप लागत नाही, त्याचीही हरपलेलीच असते. याच परंपरेत गृहस्थांसाठी वेगळं व्रत आहे, परिग्रहाचं परिमाण ठरवण्याचं. मला अमुक इतकं पुरे, हे हातात येण्याआधी ठरवायचं. हे ‘आधी’ मला फार शहाणपणाचं वाटतं. कपाट भरल्यावर रिकामं करण्यात आपला एक रविवार जातो. किती कमवायचं आणि कशासाठी, हे आधी ठरवलं तर सगळ्या आयुष्याचा आकार बदलतो.

तुकोबांची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण अर्धी सांगतो. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ही ओळ समाधानावरच्या प्रत्येक भाषणात येते, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला गप्प बसवायलाही तीच वापरली जाते. पण परंपरा सांगते ते काय? दुष्काळ सोसल्यावर त्यांनी सावकारीची खतं, म्हणजे लोकांचे कर्जरोखे, काढली, अर्धी भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. त्या कागदांवर दुसऱ्यांची नावं होती. ते बुडाले तेव्हा तुकोबांच्या घरातलं ओझं हलकं झालं की नाही ते सोडा, देहूच्या आसपासच्या कितीतरी घरांवरचं ओझं उतरलं. आणि याच तुकोबांनी ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ असंही म्हटलं. म्हणजे धन जोडण्याला त्यांची ना नव्हती, ते जोडण्याची रीत आणि वेचण्याची वृत्ती यांवर त्यांचं बोट होतं. वाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. हिशेब त्याला कळत होता.

याच कसोटीवर आजचा साधेपणा घासून पाहिला तर एक गोष्ट खटकते. आपण वस्तू सोडतो, मालमत्ता सोडत नाही. कप-बशा, टी-शर्ट, जुनी मासिकं बाहेर जातात. गुंतवणूक म्हणून घेतलेला, कुलूप लावून ठेवलेला दुसरा फ्लॅट मात्र यादीत येतच नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी असल्याची नोंद आहे, देशातल्या शहरांत सर्वाधिक. त्याच मुंबईत २०११ च्या जनगणनेप्रमाणे चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहतात. ही कुलपं अडगळ नव्हेत का? सहा महिन्यांत न वापरलेल्या वस्तूचा नियम सहा वर्षं न उघडलेल्या दाराला का लागू नाही? मला वाटतं, ज्या दिवशी हा प्रश्न आपल्या घरच्या वादात येईल त्या दिवशी आपण खऱ्या अर्थाने अपरिग्रहावर बोलू लागलो असं म्हणता येईल. तोवर चालू आहे ती झाडलोट.

देण्याचाही एक खोटा प्रकार असतो, तो इथेच सांगून टाकायला हवा. १९५१ च्या एप्रिलात पोचमपल्लीला विनोबांच्या सभेत भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन पुढे आली आणि भूदान चळवळ सुरू झाली. पुढे लाखो एकर दान जाहीर झालं, पण त्यातली पुष्कळ जमीन नापीक किंवा वादातली निघाली. चळवळीचा हेतू त्यामुळे लहान होत नाही. देणाऱ्यांचा मात्र उघडा पडतो. महापूर ओसरल्यावर मदत म्हणून विटके, फाटके कपडे पाठवतात, त्यामागे तीच वृत्ती असते. स्वतःचं कपाट मोकळं करायला दुसऱ्याचं संकट वापरायचं. ज्याला हे कपडे मिळतात त्याला ते निवडण्याचं आणि फेकण्याचं कामही मिळतं.

तरीही मी पुतण्याची बाजू पूर्ण सोडणार नाही, कारण त्याच्या साठ वस्तूंमागे एक चांगली गोष्ट लपलेली आहे आणि ती त्याने वादात मांडलीच नाही. त्याच्या बरोबरीच्या मुलांकडे पाहते. पंचविशीत गाडीचा हप्ता, फोनचा हप्ता, सत्ताविसाव्या वर्षी वीस वर्षांचं गृहकर्ज. त्यांच्यातल्या एकाला साहेबाने चुकीच्या कागदावर सही करायला लावली, तेव्हा तो नाही म्हणू शकला नाही; हप्ते आठवले. असं त्याने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, खाली मान घालून. पुतण्याच्या डोक्यावर कर्ज नाही. दोन वर्षांपूर्वी नोकरीत मन लागेना तेव्हा त्याने ती सोडली, आठ महिने कमी पैशांत काढले आणि आता तो अपंग मुलांसाठी स्वस्त खुर्च्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम करतो. पगार निम्मा आहे. मी त्याला इतका आनंदात कधी पाहिला नव्हता. त्याची साठ वस्तूंची यादी मला महत्त्वाची वाटत नाही; त्या यादीमुळे त्याला नाही म्हणता आलं आणि मग हो म्हणता आलं, हे वाटतं. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, काकू, हे मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्याच्या पाठीवर ओझं सरकतं या आक्षेपालाही मला इथेच उत्तर दिसतं. एकट्याने कमी बाळगायचं तर उरलेलं कुणीतरी बाळगावं लागतं, हे खरं. मग ते सगळ्यांनी मिळून बाळगावं. कोकणातल्या कितीतरी वाड्यांत लग्नकार्याची मोठी भांडी वाडीच्या मालकीची असतात. ज्याच्याकडे कार्य त्याने न्यायची, घासून परत आणायची, तोटा झाला तर भरून द्यायचा. कुणाच्याही माळ्यावर वीस माणसांची परात धूळ खात पडत नाही. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं ते याच समजुतीने, की पुस्तक एकाने विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा शंभरांनी वाचावं. एसटीची बस, गावचं वाचनालय, वाडीची भांडी ही आपली कमी वस्तूंची खरी परंपरा आहे. ती मोडत गेली तसं घराघरांत सामान वाढत गेलं, असं मला दिसतं. त्या सामायिक गोष्टी टिकवायला पैसा, वेळ, भांडण, हिशेब सगळं लागतं. खोली आवरण्याइतकं ते सोपं नाही.

आमच्या भांड्यांचं शेवटी असं झालं. भंगारवाला वजनाने न्यायला तयार होता आणि भावही बरा देत होता. पण घरामागच्या चाळीतल्या बायकांचा बचत गट डोहाळजेवणं, मुंजींची जेवणं करून देतो, आणि मोठी भांडी ते दर वेळी भाड्याने आणतात, हे मला कामवाल्या मावशींकडून कळलं. पातेली, पराती, झारे, ओगराळी त्यांना दिली. आधी कल्हई करून, कारण कल्हईवाचून पितळेत आंबट शिजवता येत नाही आणि तो खर्च त्यांच्यावर टाकायचा नव्हता. कल्हईवाला शोधायला चार दिवस गेले. घंगाळ आणि बंब दिरांनी नेले. मागच्या महिन्यात गटाच्या एका जेवणाला मी गेले होते. आमच्या परातीत दोनशे पुरणपोळ्यांची कणीक तिंबलेली होती.

एक तांब्या मात्र मी दिला नाही. त्यावर सासूबाईंचं माहेरचं नाव घातलं आहे, लग्नाआधीचं, आडनावासकट. लग्नात नाव बदललं, रेशनकार्डावर, बँकेत, मृत्यूच्या दाखल्यावर नवंच लागलं. मी घरातले सगळे कागद शोधले. ते नाव दुसरीकडे कुठेही नाही. पुतण्याने तांब्या हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं आणि भाड्याच्या घरातल्या खिडकीत पाणी भरून ठेवला. सकाळी त्यातूनच आम्ही पाणी पितो.